रांगेच्या शेपटाला

2022 मध्ये पहिल्यांदा आकाशदर्शनाला स्वयंसेवक म्हणून गेलो, तेव्हा मला दुर्बिणीशेजारी उभं राहायचं होतं. वाचन बऱ्यापैकी होतं आणि ते लोकांना ऐकवायची खाज त्याहून जास्त. कार्यक्रम चालवणाऱ्या ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तू रांग बघ." रांग! तोंड पाडून शेपटाला जाऊन उभा राहिलो.

दुर्बीण साधी होती, हाताने फिरवायची. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, त्यामुळे नेत्रिकेतला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातला, ग्रह सरकत सरकत कडेला जातो. आतून अर्धा अंश आकाश दिसत असेल तर 2 मिनिटांत तो पसार. दोघा-तिघांनी बघितलं की परत नेम धरायचा. 80 माणसं असली तर शेवटच्याचा नंबर यायला तास लागतो. म्हणजे माणूस दुर्बिणीपाशी जेमतेम 40 सेकंद आणि माझ्यापाशी तासभर. हे ध्यानात आलं आणि मी लगेच भाषण सुरू केलं. लोकांनी मोबाइल काढले.

त्याच महिन्यात एका मुलाला मी ठणकावून सांगितलं की ध्रुवतारा आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. मागून एक काका हळूच म्हणाले, "तो मान व्याधाचा हो. ध्रुव पहिल्या चाळिसातसुद्धा नाही." कान गरम झाले. मुलाला परत बोलावून चूक सांगितली. गंमत म्हणजे त्यानंतर रांगेतली माणसं माझ्याशी मोकळेपणी बोलायला लागली. हे काका बँकेतून निवृत्त झालेले. पुढच्या वेळी ते लाल जिलेटिन कागद आणि रबरबँड घेऊन आले आणि सगळ्यांच्या टॉर्चवर चढवत फिरले. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20-30 मिनिटं लागतात, आणि एक पांढरा झोत ते सगळं धुऊन टाकतो. हे मी पन्नासदा सांगितलं होतं. काकांनी न सांगता करून टाकलं.

मग मी सांगण्याऐवजी विचारायला लागलो. "आत काय दिसेल असं वाटतंय?" एवढंच. अष्टमीच्या चंद्राच्या रात्री दोन अनोळखी बायका यावरून हिरिरीने वाद घालत होत्या की पौर्णिमेचा चंद्र जास्त छान दिसेल की हा. नेत्रिकेत प्रकाश-अंधाराच्या सीमेवरच्या विवरांच्या लांब सावल्या बघून एकीने दुसरीला तिथूनच हाक मारली, "हाच गं हाच!" पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, हे मग मला दोन वाक्यांत सांगता आलं, कारण त्यांना ते हवं होतं.

माणसं टिकवणं मात्र वेगळंच प्रकरण निघालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशेच्या आसपास सभासद, "रविवारी कोण कोण येणार?" विचारलं की तीस अंगठे, आणि प्रत्यक्षात सहा माणसं. दीड वर्ष मी अंगठे मोजले. मग ग्रुपवर विचारणं बंद करून एकेकाला फोन करायला लागलो, तोही नेमक्या कामासाठी. "येशील का?" याला "बघतो" हेच उत्तर मिळतं. "लहान मुलांसाठी शिडी धरायला माणूस हवाय, तू धरशील?" याला हो किंवा नाही. हो म्हणणारे येतात. शिडी धरायला आलेला मुलगा आता दुर्बिणीचे आरसे जुळवतो.

सगळे टिकले नाहीत. नेत्रिकेला मोबाइल लावून फोटो काढू द्यायचे की नाही, यावरून दोन जुन्या स्वयंसेवकांचं बिनसलं. रांग तुंबते हे खरं, आणि फोटो घरी नेऊन दाखवणारा चार माणसं घेऊन येतो हेही खरं. मी दोघांनाही मान डोलावली. एक जण यायचा थांबला. त्याला फोन करायचा राहिला, तो राहिलाच.

2025 च्या नोव्हेंबरात शनी ठेवला. पोस्टर मी केलं, त्यावर भलीमोठी कडी. पण कडी त्या काळात पृथ्वीवरून जवळपास धारेवर दिसत होती. ओवलेल्या मण्यातून सुई आरपार जावी तशी रेघ. हे माहीत असून चित्र जुनं टाकलं, हा माझा आळस. पहिलेच गृहस्थ तडकले : "पोस्टरवर एक आणि आत भलतंच!" मी स्पष्टीकरण जुळवत होतो, तेवढ्यात लोकांचे प्रश्न वहीत टिपणारी आमच्यातली एक स्वयंसेवक मुलगी पुढे आली. तिने वही आडवी धरून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणली. "आता पान दिसतंय का? फक्त कड. कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आहेत, पण जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही नाही." मग म्हणाली, "गॅलिलिओने 1610 मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी पाहिलं होतं. 1612 मध्ये बघतो तर गायब. तोही चक्रावला होता."

"मग त्याला कळलं का शेवटी?" गृहस्थांनी विचारलं.

"नाही. ते कडं आहे हे 1659 मध्ये हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने छापलं, तोवर गॅलिलिओ जाऊन 17 वर्षं झाली होती."

ते परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी सात-आठ जण.

कडी पुन्हा पुरती उघडतील 2032 च्या सुमाराला. तोवर शिडीची खालची पायरी बदलायची आहे. ती करकरते आणि मुलं घाबरतात.