उबुंटू २२.०४ वर पीएचपी ७.४ : एका मशीनवर दोन ओपनएसएसएल

सद्यस्थिती: पीएचपी ७.४.३३ सोर्सवरून कंपाइल झालं, एफपीएम (वेब सर्व्हरच्या मागे पीएचपी चालवणारी सेवा) चालतंय, बाहेरच्या एचटीटीपीएस साइट्सची सर्टिफिकेट तपासणीही पास होतेय. पोस्टग्रेस डेटाबेसचं एक्स्टेन्शन तेवढं अडलंय.

भांडण साधं आहे. उबुंटू २२.०४ सोबत ओपनएसएसएल (एनक्रिप्शन आणि एचटीटीपीएससाठीची लायब्ररी) ३.०.२ येतं, आणि पीएचपीने ३ ला साथ दिली ती ८.१ पासून. त्यामुळे मेक (सोर्स कंपाइल करणारी आज्ञा) थांबतो तो 'आरएसए एसएसएलव्ही२३ पॅडिंग' सापडत नाही म्हणून. ३ मध्ये तो स्थिरांकच काढून टाकलाय. ती ओळ गाळली की मेक पुढे सरकतो, पण बाकीचा कोडही ३ साठी लिहिलेला नाही. तो उपाय घेऊ नका. लिबएसएसएल.एसओ.३ (ओपनएसएसएल ३ ची लायब्ररी फाइल) ला १.१ चं नाव देऊन सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव) करण्याचा उद्योग तर अजिबात नको. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) फाइलच्या नावासोबत आतल्या सिम्बॉलची, म्हणजे फंक्शनच्या नावांची, व्हर्जनही बघतो, आणि 'ओपनएसएसएल_१_१_०' नाही म्हणून परत पाठवतो.

म्हणून जुनं ओपनएसएसएल १.१.१डब्ल्यू वेगळं, ऑप्टमधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. कॉन्फिगला प्रीफिक्स, ओपनएसएसएलडीआयआर, शेअर्ड आणि लिंकरचा आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची, तो फाइलमध्येच लिहिलेला पत्ता), चारही द्यायचे. आरपाथ इथेच का? उबुंटूचा लिंकर तो पत्ता डिफॉल्टने रनपाथ म्हणून लिहितो, आणि रनपाथ फक्त त्या फाइलला थेट लागणाऱ्या लायब्ररींपुरता चालतो. लिबएसएसएलला पुढे लिबक्रिप्टो (ओपनएसएसएलचीच दुसरी लायब्ररी) लागतं. ते शोधायला लिबएसएसएलकडे स्वतःचा पत्ता हवा.

इन्स्टॉल करताना मेक इन्स्टॉल_एसडब्ल्यू पुरतं, मॅन पेजेसचा वेळ वाचतो. पण त्यापाठोपाठ इन्स्टॉल_एसएसएलडीआयआरएस विसरलात तर ओपनएसएसएल.सीएनएफ ही सेटिंग फाइल येत नाही आणि पीएचपीत नवी की बनवणं फसतं. शिवाय या नव्या फोल्डरमध्ये एकही रूट सर्टिफिकेट (ज्याच्या आधारे साइट्सची सर्टिफिकेट तपासतात ते) नसतं. सीईआरटी.पीईएम नावाची सिमलिंक सिस्टीमच्या सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटीकडे वळवा, नाहीतर प्रत्येक एचटीटीपीएस कॉल 'व्हेरिफाय फेल्ड' म्हणेल आणि तुम्ही फायरवॉल चाचपत बसाल.

आता पीएचपी. '--विथ-ओपनएसएसएल' पुढे पाथ देण्याचा जुना सल्ला ७.४ ला लागू नाही. ते आता पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या साधनाला) विचारतं. पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये नव्या फोल्डरचं लिब/पीकेजीकॉन्फिग टाका, एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ द्या. आधी ३ वर प्रयत्न झाला असेल तर मेक डिस्टक्लीन, किंवा सरळ सोर्सचा टारबॉल पुन्हा उघडा. जुन्या ऑब्जेक्ट फाइली उरल्या की अर्धं ३ च्या हेडरवर, अर्धं १.१ च्या, असा चिवडा होतो.

खरा त्रास याच्या पुढे आहे. सिस्टीमचं लिबकर्ल (पीएचपीच्या कर्ल एक्स्टेन्शनला लागणारी लायब्ररी) ओपनएसएसएल ३ ला जोडलेलं, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये ओपनएसएसएलची दोन्ही व्हर्जनं शिरतात. लिंकर 'मे कॉन्फ्लिक्ट विथ' असा इशारा देतो, मेक मात्र पूर्ण होतो. सिम्बॉल व्हर्जनिंगमुळे बहुतेक वेळा निभतंही, आणि म्हणूनच हा दोष उशिरा पकडला जातो. सोपी वाट: लिबकर्ल४-ओपनएसएसएल-डेव्ह काढून लिबकर्ल४-जीएनयूटीएलएस-डेव्ह घ्या; ते ओपनएसएसएलऐवजी जीएनयूटीएलएस ही वेगळी लायब्ररी वापरतं. दोन्ही डेव्ह पॅकेजं एकत्र राहतच नाहीत. मायएसक्यूएलची काळजी नाही. त्याचा ड्रायव्हर, मायएसक्यूएलएनडी, पीएचपीच्याच आत असतो. पोस्टग्रेसला जोडणारं लिबपीक्यू मात्र लिबएसएसएल३ मागतं. त्याला जीएनयूटीएलएसची पळवाट नाही, १.१.१ वर वेगळं कंपाइल करावं लागेल. तेच बाकी आहे.

लिबकर्ल स्वतः कंपाइल करायचंच असेल तर यूएसआर/लोकलमध्ये टाकू नका. एसओचं नाव तेच, लिबकर्ल.एसओ.४, आणि लोडरच्या यादीत यूएसआर/लोकल/लिब आधी येतं. मग सिस्टीमचं कर्लच 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' म्हणून कुरकुरतं. त्याच कारणासाठी ऑप्टचा पत्ता एलडीकॉन्फिगमध्ये, म्हणजे लोडरच्या याच यादीत, घालू नका.

तपासणी फक्त एलडीडीने (लागणाऱ्या लायब्ररींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने) करू नका. चालू असताना डीएलओपनने आलेलं त्यात दिसत नाही. एफपीएमच्या एखाद्या वर्करचा पीआयडी घ्या, प्रॉकमधली त्याची मॅप्स फाइल 'लिबएसएसएल' साठी ग्रेप करा. फक्त १.१ दिसलं तर जिंकलात.

१.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपलाय आणि ७.४ चा त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणून बाहेरून येणाऱ्यांसाठीचं टीएलएस (एचटीटीपीएसचं एनक्रिप्शन) सिस्टीमच्या एनजिनएक्स वेब सर्व्हरकडे, एफपीएम युनिक्स सॉकेटवर. जुनं ओपनएसएसएल फक्त पीएचपीच्या बाहेर जाणाऱ्या कॉलपुरतं उरतं.

एक नागपुरी सूचना: मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी मेक -जे४ (एकाच वेळी चार कामं) चालवू नका, प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो. पहाटे चालवा, नाहीतर -जे२ वर भागवा. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर नको; वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती हवा ओली असते.

पुढची नोंद लिबपीक्यूवर.