परदेशात आयत्या वेळी कॉन्सर्टचं तिकीट काढताना

कॉन्सर्ट उद्या संध्याकाळी, तुम्ही त्या शहरात आजच उतरलात आणि अधिकृत पानावर ‘सोल्ड आउट’. अशा वेळी बहुतेक जण कलाकाराचं नाव सर्च करतात आणि सगळ्यात वरच्या लिंकवर जातात. ती लिंक बरेचदा जाहिरात असते आणि तिकिटं पुन्हा विकणाऱ्या साइटची असते. पान मात्र थेट अधिकृत वाटावं असं. म्हणून सुरुवात कलाकाराच्या किंवा सभागृहाच्या वेबसाइटपासून करा आणि तिथलं तिकिटांचं बटण जिथे नेईल तिथेच जा.

‘सोल्ड आउट’ या शब्दांवर लगेच विश्वास ठेवू नका. स्टेज, साउंडचं टेबल, कॅमेरे नेमके कुठे येणार हे ठरेपर्यंत आयोजक काही खुर्च्या रोखून ठेवतात. काही पाहुण्यांसाठी आणि प्रायोजकांसाठी बाजूला असतात. उभारणी झाली की त्यातल्या उरलेल्या जागा शेवटच्या एक-दोन दिवसांत, कधी कधी त्याच दुपारी, गाजावाजा न करता अधिकृत पानावर येतात. शोधताना संख्या एक टाका, कारण सुटी खुर्ची जोडीपेक्षा कितीतरी सहज मिळते. बॉक्स ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारणंही वाया जात नाही. काही ठिकाणी तर आयत्या वेळच्या प्रेक्षकांची रीतसर सोय असते: लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाची आणि व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी विकली जातात.

तिथेही काही हाती लागलं नाही तर पुनर्विक्री. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं साइट म्हणते तेव्हा ती बहुधा पैशांची हमी असते, आत जाण्याची नव्हे. काही विक्रेते हातात नसलेलं तिकीट यादीत टाकतात, भाव उतरल्यावर कुठून तरी उचलून देऊ या हिशोबाने. भाव उतरला नाही की कार्यक्रमाच्या दोन तास आधी ऑर्डर रद्द. तिकिटाचे पैसे परत येतात, विमानाचे आणि हॉटेलचे येत नाहीत. रांग आणि खुर्चीचा क्रमांक न देता नुसता विभाग लिहिलेला असेल, किंवा तिकीट ‘कार्यक्रमाच्या दिवशी मिळेल’ असं असेल, तर सावध व्हा. (दुसऱ्या बाबतीत विक्रेता खराही असू शकतो, कारण काही आयोजकच तिकीट उशिरा खुलं करतात. पण परक्या शहरात ती जोखीम मी तरी घ्यायला सांगणार नाही.)

त्यातल्या त्यात भरवशाची पुनर्विक्री म्हणजे मूळ तिकीट कंपनीच्याच साइटवरची. तिथे विक्रेत्याचा बारकोड रद्द होतो आणि तुमच्या खात्यात नवा तयार होतो. टिकेटस्वॉप या पुनर्विक्रीच्या साइटवरही ज्या आयोजकांशी त्यांचा करार आहे त्यांच्या कार्यक्रमांना असंच होतं, शिवाय तिथे मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. नवा बारकोड का महत्त्वाचा, हे गेटवर कळतं. पीडीएफ तिकिटाच्या कितीही प्रती काढता येतात, एकच तिकीट पाच जणांना विकता येतं, आणि पाचही जणांकडचं ‘खरं’ असतं. पहिल्याला स्कॅनर हिरवा दिवा दाखवतो. बाकी चौघांना लाल, ‘आधीच वापरलेलं’. टिकेटमास्टर या तिकीट कंपनीच्या बऱ्याच तिकिटांचा बारकोड तर दर काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटचा तिथे काहीच उपयोग नाही. अनोळखी माणसाकडून घ्यायचंच असेल तर अ‍ॅपमधून ट्रान्सफर मागा. तुम्ही ते स्वीकारलंत की त्याच्याकडचा बारकोड चालेनासा होतो.

परदेशी पाहुण्याची गाडी अडते ती मात्र भलत्याच ठिकाणी. बँकेचा ओटीपी घरच्या नंबरवर येतो, म्हणून निदान एसएमएसपुरतं तरी रोमिंग चालू हवं आणि कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू हवेत. तिकीट कंपनीचं खातं त्या देशाच्या साइटवर लागू शकतं, अ‍ॅप तुमच्या फोनच्या स्टोअरमध्ये दिसेलच असं नाही, आणि जपानमध्ये तर अनेक ठिकाणी स्थानिक मोबाइल नंबरशिवाय नोंदणीच होत नाही. हे सगळं तिकीट समोर दिसण्याआधी उरकून घ्या, कारण कार्टमधली घड्याळाची टिकटिक थांबत नाही.

नावाचा मुद्दाही तपासा. इटलीत जुलै २०१९ पासून ५,००० हून अधिक क्षमतेच्या ठिकाणच्या मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं नावावर असतात. नाव अधिकृतरीत्या बदलून घेतलं नाही, तर पासपोर्टवरचं नाव जुळत नाही म्हणून दारातून परत फिरावं लागतं. जपानमध्ये त्याच वर्षीच्या १४ जूनपासून जास्त भावाने तिकिटं विकण्याचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि अनेक कार्यक्रमांना ओळखपत्र बघतात. आयर्लंडमध्ये २०२१ च्या कायद्याने ठरावीक स्थळांच्या आणि कार्यक्रमांच्या तिकिटांना मूळ किमतीपेक्षा जास्त लावता येत नाही. तिथे कोणी दुप्पट मागत असेल तर सौदा तिथेच संपवा.

पैसे क्रेडिट कार्डाने भरा, स्थानिक चलनात. बँक ट्रान्सफर किंवा पेपालचा ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ पर्याय कोणी सुचवला तर ते तिकीट सोडून द्या. गेलेले पैसे परत मिळवायला तिथे वाटच नसते.

तिकीट आलं की हॉटेलच्या वायफायवरच फोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये टाका. गेटजवळ हजारो फोन एकाच वेळी नेट ओढत असतात. बॉक्स ऑफिसवरून उचलायचं असेल तर पासपोर्ट आणि ज्याने पैसे भरले तेच कार्ड बरोबर ठेवा. आणि गेटवर लाल दिवा लागलाच तर तिथल्या माणसाशी वाद न घालता बॉक्स ऑफिसला जा, प्रवेश नाकारल्याचं लेखी मागा, ऑर्डरचं पान आणि स्कॅनरचा पडदा यांचे फोटो काढा. साइटकडे तक्रार त्याच रात्री करा, आणि तिने हात झटकले तर हेच कागद बँकेकडे चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मागण्यासाठी, द्या.