ब्रूनोला पुरायचं कुठे?

कोथरूडला माझा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. परवा रात्री एका काकांचा फोन आला, डॉक्टर ब्रूनो गेला पण खड्डाच होत नाहीये. १४ वर्षांचा लॅब्रॅडॉर, किडन्या पार गेलेल्या. दुसऱ्या एका डॉक्टरांनी घरी येऊन शेवटचं इंजेक्शन दिलं आणि पुढचं चकार शब्द न बोलता निघून गेले. याचा मला मनापासून राग येतो. बॉडीचं काय करायचं हे इंजेक्शनच्या आधी बोलायचं असतं, नंतर घरच्यांना काही सुचत नाही.

मी गेले तर सोसायटीच्या बागेत काका आणि वॉचमन भर पावसात कुदळ मारतायत, दीड फुटावर मुरूम लागला आणि त्याखाली काळा पाषाण. पुण्यात बऱ्याच ठिकाणी हे असंच. पुरायला निदान ३ फूट तरी खोल हवं, नाहीतर भटकी कुत्री उकरतात. आणि इथे तर बार्बिट्युरेटचं, म्हणजे शांतपणे मरण यावं म्हणून देतात त्या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन, ते बॉडीत तसंच राहतं, उकरून खाल्लं तर ते कुत्रंही मरू शकतं, घारही. काकांनी खडेमीठ आणि चुना आणून ठेवलेला. चुन्याने लवकर माती होते असं सगळ्यांना वाटतं पण उलट वेळच जास्त लागतो, आणि मिठाने आजूबाजूची झाडं जातात. प्लॅस्टिकही नको, जुनी सुती चादर पुरते.

मी म्हणलं, काका, महापालिकेची प्राण्यांसाठी दाहिनी आहे, सकाळी नेऊ. तर म्हणाले, सोसायटी व्हायच्या आधी इथे आमचा बंगला होता, आमच्या मोतीला इथेच पुरलंय, याला त्याच्याशेजारी ठेवायचंय. मोतीची जागा आता पार्किंगच्या रॅम्पखाली आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

मग अंग ताठ व्हायच्या आधी ब्रूनोचे पाय पोटाशी दुमडले, खाली जुने कपडे घातले कारण लघवी सुटतेच, बाजूने बर्फाच्या पिशव्या लावल्या, एसी फुल. सकाळी मुळशीकडे काकांच्या भाच्याच्या शेतात नेलं. विहिरीपासून लांब, पाणी साचणार नाही अशी उंचावरची जागा बघा म्हणून मी बजावलेलं, जेसीबीने चांगला ४ फूट खड्डा झाला. पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या त्या संसर्गजन्य आजाराने गेलेलं पिल्लू असतं तर शेतालाही मी नाहीच म्हणले असते, तो विषाणू मातीत वर्षभरसुद्धा टिकतो.

काकूंना मात्र दहन हवं होतं. एकट्याचं वेगळं दहन करून घेऊ, राख आपल्याजवळ राहील, उद्या घर बदललं तरी बरोबर नेता येईल, असं त्या दोनदा म्हणाल्या, मीही तेच सांगून पाहिलं, पण काका मातीवरच अडून बसले. काकूंचे गुडघे धरलेत, मुळशीला त्या कितीदा जाणार? आणि त्या पट्ट्यात प्लॉटिंग चाललंय, भाचा तरी जमीन किती दिवस ठेवेल? मला अजूनही वाटतंय की काकूंचं ऐकायला हवं होतं.