पोर्ट दिसेना

नववीच्या चौदा मुलांना बारा शनिवारांत लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेषेवरून आपोआप चालणारा छोटा रोबो, करायला शिकवीन, असं मी कबूल करून बसले तेव्हा धास्ती होती ती सेन्सरची आणि मोटरची. प्रत्यक्षात पहिले चार शनिवार संगणकाला बोर्ड (रोबोचा प्रोग्रॅम चालवणारं सर्किट) दिसण्याची वाट पाहण्यातच गेले. तो राग अजून उतरलेला नाही.

सांगाडा, चाकं, मोटर हे सगळं पोरांनी दीड तासात जोडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं पुढे.

आमचे बोर्ड आर्डुइनो ऊनोचे, पण क्लोन, म्हणजे दुसऱ्यांनी केलेली नक्कल. मूळ ऊनोवर यूएसबीचं काम एटीमेगा १६यू२ ही चिप करते, क्लोनवर बहुधा सीएच३४० असते. तिचा ड्रायव्हर (ती चिप ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) संगणकात नसेल तर मेनूतला पोर्ट, म्हणजे बोर्डाशी बोलायची वाट, करडाच राहतो. ड्रायव्हर टाकायला दोन मिनिटं लागतात, पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा. तो मागितला तर उत्तर मिळालं, ‘अर्ज द्या.’ दिला. आठवड्याने परत आला, कारण ‘जबाबदार व्यक्ती’च्या रकान्यात कायम शिक्षकाचंच नाव चालतं आणि मी पडले बाहेरची. सही मिळवली, तर पासवर्ड माहीत असलेले गृहस्थ रजेवर! दोन मिनिटांच्या कामाला तीन शनिवार.

तोवर माझा एकच लॅपटॉप आणि चौदा मुलांची रांग. शेवटी जमिनीवर काळी टेप चिकटवली, एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तोच रोबो. बाकीच्यांनी कागदावर आधी आज्ञा लिहायच्या, मग वाचायच्या, मध्ये बदलायच्या नाहीत. ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर तो वळतच राहिला. किती वळायचं ते कुणी लिहिलंच नव्हतं. नाइलाजाने घेतलेला हा तास पुढे सगळ्यात जास्त कामाला आला, हे मात्र कबूल करायला हवं.

चौथ्या शनिवारी एकदाचा ड्रायव्हर पडला. सातपैकी तीन टेबलांवर पोर्ट दिसला, चारांवर नाही. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, संगणक बंद-चालू केले, क्लोन बोर्डांना मनसोक्त शिव्या घातल्या. बोर्डावरचा दिवा तर लागत होता! तासाभराने एक मुलगी म्हणाली, “ताई, ही केबल पॉवर बँकबरोबर आलीय. हिच्यातून फोटो कधीच जात नाहीत.” नुसती चार्जिंगची केबल. विजेच्या दोन तारा आहेत, डेटाच्या नाहीतच. मग दिवा लागणारच आणि पोर्ट दिसणार नाहीच. अठरा वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेल्या बाईने यावर काय बोलावं?

म्हणून पहिल्या दिवसाआधीच प्रत्येक केबल फोनला लावून फाइल जाते का पाहा, आणि चाललेल्या केबलला रंगीत टेप गुंडाळा. अर्ज महिनाभर आधी द्या. आणि हो, ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना काही जोडू देऊ नका. प्रोग्रॅम बोर्डावर चढतो तो त्याच वाटेने. एका गटाने तिथेच सेन्सर लावला होता आणि मी पुन्हा केबलवर संशय घेत बसले.

पुढचं भराभर झालं. आधी एक मीटर सरळ, मग चौकोन, मग रेषा. चौकोन कुणाचाच नीट झाला नाही, कारण दोन मोटरी कधी सारख्या फिरत नाहीत आणि सेल उतरले की तेवढ्याच वेळात वळण कमी पडतं. हे मी सांगितलं नाही, त्यांनीच शोधलं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी वापरू नका. मोटर सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. मोटरचे सेल वेगळे ठेवा, पण ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूच्या तारा, एकत्र जोडा (दोन रोबोंवर मीच विसरले होते). मोटरला वीज पुरवणारं एल२९८एन सर्किट (यालाही ड्रायव्हरच म्हणतात) स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातं, तेही हिशोबात धरा.

खिडकीजवळचा रोबो दुपारी रेषा सोडायचा. सेन्सर रेषा ओळखतो ती इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाने; उन्हातही इन्फ्रारेड असतं, सेन्सर फसतो. पोरांनी सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावली. मी कोडमध्ये आकडे बदलत होते तेव्हा.

शेवटच्या शनिवारी सातपैकी पाच रोबो पूर्ण वळसा घालून आले. पुढच्या तुकडीचा अर्ज मी कालच दिलाय, कायम शिक्षिकेची सही आधी घेऊन.