चौथ्या दिवशीचा सूर्य

रविवार, रात्री उशिरा

आज संडे स्कूलमध्ये एका मुलीने विचारलं, "बायबलात देवाने सूर्य चौथ्या दिवशी केला, मग त्याआधी तीनदा सकाळ कशी झाली?" मी म्हणाले, "देवाला काय अशक्य आहे?" आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. ती खाली मान घालून गप्प बसली. लहानपणी मीही असंच काही विचारून अशीच गप्प बसले होते. दिवसभर तो चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आत्ता बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडून कागदावर पेन्सिलने दोन रकाने आखले. डावीकडे पहिले तीन दिवस: उजेड, आकाश आणि पाणी, कोरडी जमीन. उजवीकडे पुढचे तीन: सूर्य, चंद्र, तारे, पक्षी आणि मासे, जनावरं आणि माणूस. ओळीला ओळ जुळली. आधी घर, मग घरात राहणारे! सूर्याविना सकाळ होत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असणारच. तरी त्याने सूर्य चौथ्या दिवशी ठेवला, आणि त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. नुसती 'मोठी ज्योती' म्हटलं. शेजारचे लोक ज्याला देव मानून पूजत होते, त्याला त्याने दिव्याच्या कामाला लावलं. मला तर हे वाचताना अंगावर काटा आला.

दिवसांचा असा अर्थ लावणं ही काही विज्ञानाला घाबरून काढलेली पळवाट नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्या मुलीचाच प्रश्न विचारला होता. हे दिवस कसले असतील याची कल्पना करणंही कठीण, असं संत ऑगस्टीनने डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी लिहून ठेवलंय. बायबलातल्या पिढ्या मोजून जगाच्या निर्मितीचं इ.स.पू. ४००४ हे साल आर्चबिशप अशर यांनी काढलं ते १६५० मध्ये. पृथ्वीचं वय मात्र सुमारे ४५४ कोटी वर्षं. उल्केतल्या शिशावरून १९५६ मध्येच ते जवळपास तेवढं निघालं होतं.

आणि फादर जॉर्ज लमेत्र! विश्व एका आदिम अणूतून पसरलं, असं १९३१ मध्ये मांडणारा हा माणूस धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांताची सांगड निर्मितीच्या वचनाशी घातली, तेव्हा खुद्द लमेत्रनाच ते रुचलं नाही. समीकरणातून देव सिद्ध करायची त्यांना गरजच वाटली नाही. त्यांच्या श्रद्धेचा मला फार आधार वाटतो.

मी अडते ती मरणापाशी. पापामुळे मरण जगात आलं, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो. पण ट्रायलोबाइट हे समुद्रातले कवचधारी प्राणी तर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले, माणसाचा मागमूसही नव्हता तेव्हा. पौल माणसाच्या मरणाबद्दलच बोलतोय, असं काही जण सांगतात. मला ते निम्मंच पटतं. प्रभूपुढे तेवढंच ठेवते.

हा कागद बायबलमध्ये घडी करून ठेवलाय. पुढच्या रविवारी तो तिला दाखवायचा. त्याआधी तिची माफी मागायची.