तुम्ही विचारलंत म्हणून : मॉरोविंडच का?

'एल्डर स्क्रोल्स' या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतला कुठला भाग भारी, असं भाचे दर दिवाळीला विचारतात, ऑफिसातली पोरं अधूनमधून. मी 'मॉरोविंड' म्हणतो आणि समोरचा हसतो. काका, जुनं ते सोनं का? सोनंबिनं काही नाही. 2002 चा गेम आहे. तलवार समोरच्याच्या अंगातून जाताना दिसते आणि गेम म्हणतो वार चुकला. सुरुवातीला नायक बैलगाडीच्याही मागं पडेल असा चालतो. सगळं मान्य. माझं म्हणणं फक्त वाटेपुरतं आहे.

परभणीत आमच्या घरी एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढं दोन खुर्च्या. एक माझी, एक चुलतभावाची, दादाची. मी मराठी माध्यमाचा, त्याचं इंग्रजी चांगलं. मॉरोविंडमध्ये कुणी काम सांगितलं की वाटही सांगतं, लेखी : बालमोरा गावातून दक्षिणेला नीघ, पूल ओलांड, किल्ला लागेल. दादा ते वाचून दोनशेपानी वहीत मराठीत उतरवायचा, मी चालायचो. आर्कन्गथँडच्या अवशेषांतून एक छोटी पेटी आणायची होती, तर दारच उघडेना. ते उघडायचं चाक दाराशेजारच्या नळावर असतं, हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण मध्ये लोडशेडिंग. यूपीएस ओरडायला लागला की सेव्ह करायचं आणि अंगणात जाऊन बसायचं. अंधारात दादा वाट बोलत राहायचा, आजोबा शेताची सांगायचे तशी : लिंबाच्या झाडापासनं डावीकडं, मग वढा.

मग मालिकेतला पुढचा भाग, 'ऑब्लिव्हियन' आला. म्हणजे आला 2006 लाच, आमच्याकडं ग्राफिक्स कार्ड यायला दोन वर्षं गेली. त्यात होकायंत्रावर बाण होता. बाणाकडं तोंड करायचं, चालत सुटायचं. पहिल्याच रात्री मी किती कामं उरकली! दुसऱ्या दिवशी दादा वही घेऊन आला.

"कुठं जायलास?"

"बाण हाय की आता. तू कशाला बसायलास?"

हसतच म्हणालो होतो. तो थोडा वेळ बसला, "बरं" म्हणाला आणि गेला. भांडण नाही, काही नाही. वही टेबलावरच राहिली. आठवड्याभरात आईनं त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

आता हेही ऐका. तो बाण मला हवा होता. दुसऱ्याच्या इंग्रजीवर खेळणं काय असतं, हे इंग्रजी शाळेतल्यांना कळायचं नाही. कुणाला न विचारता मी पहिल्यांदा खेळत होतो. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोराला आज चुकलास म्हणायला गेलो तर तो म्हणेल, तुझं काय जातंय, तुला येतंय आता इंग्रजी. याच्यापुढं माझी बोलती बंद होते.

मग बाण बंद करून खेळा, असं सुचवणारेही भेटतात. त्याच्या पुढच्या भागात, 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये करून बघितलंय. बाण जातो, पण वाट सांगणारं कुणी उरलेलं नसतं. कामाची नोंद एवढीच : अमक्या गुहेतून तमकं आण. गुहा कुठंय? मॉरोविंडमध्ये बहुतेक बोलणं लिहिलेलं होतं, ऑब्लिव्हियनपासून सगळं आवाजात आलं. लिहिलेली ओळ स्वस्त, बोललेली महाग. पहिली कात्री वाट सांगण्यावर चालली असणार, हा आपला माझा तर्क.

आणि काळच तसा होता म्हणू नका. 'झेल्डा' ही दुसरी गेम-मालिका बघा. 1986 ला तुम्हाला रानात सोडून देणारी मालिका मधल्या काळात बोट धरून चालवायला लागली होती. 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये पुन्हा उंचावर चढा, दुर्बिणीतून बघा, खुणा स्वतः लावा. जमतं की! फक्त तिथंही खेळताना शेजारी कुणी लागत नाही.

2025 ला ऑब्लिव्हियन नव्या रूपात आला. घेतलाच. दादाला फोन लावला, तो आता पुण्यात असतो.

"बाण हाय का अजून?"

"हाय."

"मग खेळ की."