टिकल्या, पतंगी कागद आणि टॅरोचे ७८ पत्ते

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. त्यांचा संच घेतला की डब्यात पत्त्यांचे अर्थ सांगणारी एक चिमुकली पुस्तिका मिळते. प्रत्येक पत्त्यापुढे चार-पाच शब्द, पत्ता उलटा पडला तर आणखी चार-पाच. ७८ पत्त्यांचं हे सगळं पाढ्यांसारखं घोकायचं म्हटलं तर आठवड्यात उत्साह मावळतो. माझाही मावळला. मला कुणाचं भविष्य सांगायचं नव्हतं. चित्रं आवडली म्हणून पत्ते घेतले होते. आणि घोकंपट्टीत नेमकी चित्रंच बघायची राहून जात होती.

दुसरीकडे कपाटातला एक खण स्टेशनरीने ओसंडत होता. अप्पा बळवंत चौकात गेलं की 'लागेल कधीतरी' म्हणून आणलेल्या वाशी टेप (नक्षीदार जपानी कागदी चिकटपट्ट्या), स्टिकर, पतंगी आणि घोटीव कागद, लग्नपत्रिकांमधून कापून ठेवलेले सोनेरी तुकडे. म्हटलं, आता हे वापरूनच टाकू. एका पत्त्याला वहीचं एक पान. आधी पत्ता नीट बघायचा, त्यातलं जे डोळ्यांत भरेल ते कागद-टेपने पानावर करायचं आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची. पुस्तिका उघडायची ती पान पूर्ण झाल्यावरच.

माझा संच रायडर-वेट-स्मिथ. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला, कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. संचात २२ मोठे पत्ते असतात आणि बाकीचे लहान, आपल्या इस्पिक-बदामसारखे चार रंगांत: कप, तलवारी, पेंटॅकल आणि वँड्स, म्हणजे काठ्या. त्याआधीच्या बहुतेक संचांत लहानांपैकी आकड्यांच्या पत्त्यांवर नुसत्या वस्तू असायच्या, आठ तलवारी म्हणजे आठ तलवारी. पामेलाबाईंनी तिथेही माणसं आणली, प्रसंग आणले. काम झाल्यावर एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की काम मोठं, पैसे अगदीच थोडे. चित्रकारांचं हे दुखणं तेव्हापासूनचं! त्या १९५१ साली गेल्या, आणि आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून जुन्या आवृत्तीची चित्रं स्टिकर शीटवर छोटी-छोटी छापून घेतली. अलीकडे कुणी नव्याने रंगवलेल्या संचांना मात्र हात लावला नाही.

पेंटॅकल म्हणजे नाणी, तेव्हा तिथे टिकल्या. आईच्या पाकिटातल्या मोठ्या सोनेरी टिकल्या इतक्या चपखल बसल्या की विकतचे स्टिकर बाजूलाच राहिले. कपच्या पानांना पतंगी कागद. कपच्या पाचमध्ये काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा आहे आणि पुढ्यात तीन पेले सांडलेत. लाल पतंगी कागदाचे तुकडे चिकटवून वर ओला ब्रश फिरवला, की रंग सुटून खाली ओघळतो. सांडलेलं दाखवायला याहून सोपी युक्ती नाही. मग मागचे दोन उभे पेले करताना लक्षात आलं की ते त्याच्या पाठीशी आहेत, आणि नदीवर पूलसुद्धा आहे. पुस्तिकेत 'शोक' एवढंच वाचून हा पूल मला कधी दिसला नसता.

तलवारींशी मात्र बराच वेळ झुंजले. तिथे पारदर्शक स्टिकी नोट कामी आल्या. नोट पत्त्यावर ठेवायची, बारीक मार्करने रेषा गिरवायच्या आणि उचलून वहीत लावायची. तलवारींच्या सातमध्ये एक माणूस छावणीतून पाच तलवारी घेऊन चवड्यांवर पळतोय, दोन मागे राहिल्यात. त्याची बोटं गिरवताना दिसलं की त्याने तलवारी पात्यालाच धरल्यात! माझी ओळ झाली, 'पळवलंस खरं, पण धरलंस कुठे?' आता हा पत्ता निघाला की आधी त्याचे हात आठवतात, मग अर्थ.

तलवारींच्या नऊमध्ये एक बाई अंथरुणात उठून बसली आहे, चेहरा ओंजळीत, मागे काळ्या भिंतीवर नऊ तलवारी. सगळे या तलवारींबद्दलच बोलतात. मी तिच्या पांघरुणापाशी अडकले. चौकटी-चौकटींचं आहे ते, कुठे गुलाब, कुठे राशी-ग्रहांची चिन्हं. गुलाबाच्या टेपचे चौकोन, मध्ये जुन्या दिनदर्शिकेतून कापलेल्या राशी, अशी गोधडी जोडत दुपार गेली. झोप उडालेल्या माणसाच्या अंगावर इतकं देखणं पांघरूण का बरं काढलं असेल, हा प्रश्न तसाच लिहून ठेवला. पुस्तिकेत त्याचं उत्तर नाही.

चारही रंगांची मिळून १६ दरबारी मंडळी, म्हणजे पेज (हुजऱ्या), नाइट (घोडेस्वार सरदार), राणी, राजा. यांचे चेहरे एकमेकांत मिसळतात. त्यांना शाळेच्या वहीवर लावतो ती लेबलं लावली. माझी भाची त्या वेळी घरी होती, तिने हा विभाग ताब्यातच घेतला.

'आत्या, याच्या कपातून मासा डोकावतोय!'

मग कपच्या पेजचं लेबल असं झालं: नाव पेज, तुकडी कप, विषय माशाशी गप्पा. तलवारींच्या राणीचा विषय 'स्पष्ट बोलणे'. पेंटॅकलच्या नाइटचा घोडा जागचा हलत नाही, म्हणून त्याला 'हजेरी १०० टक्के'.

उरलेले २२ मोठे पत्ते घडीच्या लांब पट्टीवर लावले, डिंकाऐवजी वाशी टेपने. कारण जुन्या फ्रेंच संचांत यातला 'न्याय' हा पत्ता आठवा आणि 'बळ' अकरावा. वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. ही टेप कागद न फाडता निघते, म्हणून दोन्ही क्रम लावून बघता आले. ही टेप प्रसिद्ध करणारा जपानमधल्या कुराशिकीचा कारखाना १९२३ साली माश्या पकडायचा चिकट कागद बनवत सुरू झाला. रंगीबेरंगी टेप त्याने २००८ मध्ये बाजारात आणली.

पत्ते स्वतः विकत घेऊ नयेत, रेशमी कापडातच ठेवावेत, असं बरेच जण सांगतात. मी मनावर घेतलं नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते डाव मांडून खेळायला. त्यांना इजिप्तचं गूढ ज्ञान चिकटवलं ते १७८१ साली एका फ्रेंच विद्वानाने, पुराव्याशिवाय. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे १२० गोल पत्ते बघा. तिथे साक्षात देव आहेत, तरी तो खेळच.

सगळी पानं झाल्यावर मैत्रिणीने एकेक पत्ता काढून माझी परीक्षा घेतली. कप, तलवारी, पेंटॅकल बिनधास्त सांगितले. वँड्स अजून कच्चे आहेत. त्या पानांना एकच केशरी टेप सरसकट लावली होती, ती आता सोलून काढायला घेतली आहे.